दीपगृहाची किल्ली

मी माउस बोलतोय. आजकालचा बिनशेपटीचा नव्हे हं, जुना, लांब वायरचा, पोटात जड रबरी गोळी असलेला. माझ्यावर हात पडला की मी एकाच वेळी दोन ठिकाणी असतो. इथे टेबलावर, आणि तिथे पडद्यावर बाण होऊन. म्हणून मी सांगतोय त्यातलं निम्मं घाटकोपरचं आहे आणि निम्मं एका बेटाचं. कुठलं निम्मं खरं, असं मला विचारू नका. मला स्वतःलाही कधीकधी कळत नाही.

जन्म कुठला ते माझ्या पोटावर छापलं होतं, ते केव्हाच झिजून गेलं. मला आठवतं ते साकीनाक्याचं एक दुकान. तिथे सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार झाला आणि मी त्याच्याबरोबर घाटकोपरच्या पंतनगरमधल्या एका घरी आलो. प्रांजल तेव्हा सातवीत होती. सुरुवातीला काय थाट होता माझा! खाली मऊ पॅड, वर धूळ बसू नये म्हणून स्वच्छ रुमाल. माणसं नव्या वस्तूवर अशीच माया करतात, आणि पुढे त्याच रुमालाने गॅसचा कट्टा पुसतात.

प्रांजल एक खेळ खेळायची. त्यात बंदूक नाही, गाडी नाही, शर्यत नाही. एक बेट, त्यावर कायमची संध्याकाळ, आणि एक खलाशी. जिथे टिचकी मारू तिथे तो रमतगमत चालत जाणार, वस्तू उचलणार, लोकांशी बोलणार. तिच्या आईला, संघमित्राबाईंना, या खेळाचं भारी वावडं. बाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. "डोळे जातील गं, बंद कर ते," म्हणत मागून निघून जायच्या, पडद्याकडे एकदाही बघायच्या नाहीत.

मग प्रांजल मोठी झाली, कॉम्प्युटर गेला, आणि मी माळ्यावर जुन्या मिक्सरच्या खोक्यात जाऊन पडलो. सतरा-अठरा वर्षं असेन तिथे. अंधारात पडल्यापडल्या मी त्या बेटावर फिरत असायचो. दुसरं होतंच काय मला?

गेल्या सप्टेंबरात बाईंना झटका आला. बोलणं वाचलं, पाय वाचले, उजवा हात मात्र रुसला. खांद्याला होता, पण ऐकेना. तीस वर्षं खडू धरलेला हात तो. व्यायामाला स्पंजचा चेंडू दिला होता, तो दाबून दाबून बाई विटल्या. एकदा प्रांजलला त्यांच्या उशीखाली फाटलेला कागद सापडला. त्यावर नाव लिहायचा प्रयत्न केलेला होता, आणि पेन कागदातून आरपार गेलं होतं. बाईंना परत स्वतःच्या हाताने लिहायचं होतं. एवढंच मागणं होतं त्यांचं, पण ते त्या कुणाला सांगत नव्हत्या.

बोटांना चाळा म्हणून प्रांजलने लॅपटॉप पुढे ठेवला, नवा माउस दिला. तो हलका. बाईंचा हात थरथरला की बाण पडद्यावर नाचायला लागायचा. तेव्हा तिला माझी आठवण आली. तिने मला खाली काढलं, गोळी धुतली, आतला मळ टाचणीने खरवडला, एका छोट्या जोडाने मला लॅपटॉपला लावलं. मी जड आणि मंद. बाईंची थरथर माझ्या पोटातच जिरायची, बाण शांत चालायचा. आपला मंदपणा कुणाच्या कामी येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. खरं सांगतो, मला भरून आलं.

प्रांजलने तोच जुना खेळ शोधून आणला होता. पुन्हा ते बेट, पुन्हा ती संध्याकाळ.

"अगं, हा नुसता उभाच आहे," बाई म्हणाल्या.

"तू सांगशील तेव्हा चालेल."

"आणि मी नाहीच सांगितलं तर?"

"मग उभा राहील, आई. घाई नाही त्याला."

बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. गेले कित्येक महिने जो येई तो त्यांना लवकर उठा, लवकर चाला, लवकर बरं व्हा म्हणत होता. "शहाणा आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पहिली टिचकी मारली. पूर्ण बसली नाही. दुसरी बसली. खलाशी वाळूतून चालू लागला आणि त्याच्याबरोबर आम्ही दोघं.

वाटेत बाईंनी सगळं पाहिलं. पाणी कसं हलतं, खिडकीत दिवा कोणी लावला, मांजराला कुणी खायला घालतं की नाही. प्रांजल लहानपणी धावत सुटायची, तिला यातलं काही दिसलं नव्हतं.

मग दीपगृह आलं. दार बंद. बाहेर खुर्चीत रखवालदार डुलक्या घेतोय, मागे खिळ्याला किल्ली. बाई थांबल्या.

"उचल ना," प्रांजल म्हणाली. "या खेळात दिसेल ते उचलायचं असतं. दोरी दिसली, उचल. बादली दिसली, उचल."

"न दिलेलं घ्यायचं नाही. रोज सकाळी पंचशील म्हणते मी. तोंडाने म्हणायचं आणि इथे येऊन चोरी करायची?"

"चोरी कसली, यार आई. चित्र आहे ते."

"माणूस झोपलाय ना? उठू दे. मग विचारू."

तो कसला उठतोय! तो गेली वीस-पंचवीस वर्षं झोपलाय. अकरा दिवस आम्ही अख्खं बेट पालथं घातलं. कोळणीला विचारलं, होडीवाल्याला विचारलं, पोपटालासुद्धा विचारलं. सगळे तीच तीच दोन वाक्यं बोलायचे. प्रांजलने कपाळाला हात लावला. पण त्या अकरा दिवसांत बाईंचं बोट रोज थोडं जास्त दाबायला लागलं होतं. ते फक्त मला कळत होतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

बाराव्या दुपारी बाई म्हणाल्या, "चिठ्ठी ठेवू."

शाळेतली पद्धत होती ती. नकाशांचं कपाट कुंडलिक शिपायाच्या ताब्यात. तो जागेवर नसेल तर नकाशा न्यायचा, पण नकाशाच्या खिळ्याला चिठ्ठी अडकवायची. काय नेलं, कुणी नेलं. तीस वर्षांत एकही नकाशा हरवला नाही, असं बाई अभिमानाने सांगत होत्या.

"झकास. सांग, मी लिहिते," प्रांजलने पेन काढलं.

"नेणार मी. चिठ्ठी मीच लिहिणार."

प्रांजलने पेन आईपुढे ठेवलं. बाईंनी मला बाजूला सारून कागद पुढे ओढला. पहिला फाटला. दुसऱ्यावर अक्षरं उतरणीला लागून कोपऱ्यात गेली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पडद्यावर खलाशी दारापाशी उभा होता. तिसऱ्या कागदापर्यंत ऊन उतरलं. पहिलीतल्या मुलाने काढावीत तशी अक्षरं, पण होती.

किल्ली नेली आहे. परत आणून लावीन. संघमित्रा.

प्रांजलने तो कागद पडद्याच्या खालच्या कडेला, रखवालदाराच्या बरोबर पायाशी, चिकटवला. मग ती आत जाऊन उगाच भांडी आवरत बसली. बाईंनी माझ्यावर हात ठेवला आणि किल्लीवर टिचकी मारली, एकच, पक्की.

"बघ," त्या म्हणाल्या, "काही बोलला नाही तो."

आता बाई रोज दोन ओळी लिहितात. बेटावरही आम्ही पुष्कळ पुढे गेलोय. पण खेळ बंद करायच्या आधी बाई न चुकता खलाशाला मागे आणतात आणि किल्ली खिळ्याला लावून बघतात. खेळात तशी सोयच नाही. खलाशी म्हणतो, याचा इथे उपयोग नाही. "उपयोग नसेल, पण परत द्यायचीय," बाई त्याला समजावतात. म्हणून चिठ्ठी अजून तिथेच आहे.

माझं डावं बटण आता अडकतं. बाईंचा हात स्थिर झालाय, त्यांना नवा हलका माउस चालतो. प्रांजलने मिक्सरचं खोकं परवाच खाली काढून ठेवलंय. माझी तक्रार नाही. अंधारात फिरायला मला आता पूर्वीपेक्षा मोठं बेट आहे. फक्त एक ऐका. मला उचलाल तेव्हा टेबलावर माझ्या जागी एक चिठ्ठी ठेवा, आणि ती बाईंनाच लिहू द्या. माउस नेला आहे, परत आणून ठेवीन, एवढं पुरे.