लाल टोकाची सुई

चर्र! निवांत स्वयंपाकघरात एवढाच आवाज झाला. चुलीतून लालबुंद निघालेली मी गार पाण्याच्या वाडग्यात बुडाले होते. तोच माझा जन्म.

मित्रांनो, मी होकायंत्राची एक जुनी सुई. ह्वेइचौच्या डोंगरात फांग घराणं होकायंत्रं करतं. तिथल्या चाओयुन नावाच्या विधवा सुनेने मला घडवलं. साधं लोखंड चुंबक दूर होताच सगळं विसरतं. पण तिने मला कडक पोलाद केलं. शिकवलेलं मी सोडणार नव्हते.

सासरे म्हणाले होते, "सूनबाई, तुझ्या सुईने दक्षिण धरली तर घराण्याचा चुंबकाचा दगड तुझा, पोरही तुझ्यापाशी. नाही तर तू माहेरी, पोर इथे."

तिने मला दगडावर घासलं, दक्षिण धरणारं टोक लाल रंगवलं आणि मला कागदात बांधलं. या घराची रीतच अशी, की बांधलेली सुई परीक्षेपर्यंत उघडायची नाही. धाकट्या दिराला, दशंगला, हे ठाऊक होतं; दगड त्याला स्वतःलाच हवा होता. ती लेकीला, यायाला, भात भरवत होती, तेवढ्यात त्याने दगड उचलला आणि कागदावरूनच मला उलटं घासलं. सात-आठ वेळा. मग शीळ घालत निघून गेला. दगड दूर झाला, त्याची शिकवण माझ्यात राहिली. मला ओरडताही येईना.

दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर कागद सुटला. माझं लाल टोक दक्षिणेच्या दाराकडे वळायचं, ते सावकाश उलट्या बाजूला, पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांकडे फिरलं.

दशंग हसला. "वा वहिनी! सुईलाही उलटं वागायला शिकवलंत की!"

"मामंजी, पुन्हा घासू द्या. एकदाच."

"चुकलेली सुई या घरात पुन्हा घासत नाहीत. बोचकं बांध."

चार हात फिरवायचं काम होतं हो! पण ती गेली. रडणाऱ्या तीन वर्षांच्या यायाच्या हाती, गप्प बसावी म्हणून, कुणी तरी मला दिलं.

मित्रांनो, कुणालाही घासताना जपा. तुमचा हात बाजूला होतो, आम्ही तशाच उरतो. तिने मला इतकं मन लावून कडक केलं नसतं, तर दशंगचा तो खोटेपणा कधीच पुसला गेला असता.

याया आता सात वर्षांची आहे. काल मला दोऱ्याला टांगून हळूच म्हणाली, "तुला आईने केलंय ना? मग सांग ना गं... मला आठवतच नाही, ती दिसायची कशी?"