ब्याण्णवाव्या वर्षापर्यंत

आर्थिक नियोजनाच्या त्या अभ्यासक्रमातला शेवटचा पेपर लिहायचा नसतो, करायचा असतो. एक खराखुरा माणूस गाठायचा, त्याची पुंजी, खर्च, दुखणीखुपणी, हौसमौज सगळं विचारून घ्यायचं, त्याच्या उरलेल्या आयुष्याचा आराखडा मांडायचा आणि त्यावर त्याची सही घेऊन दोन परीक्षकांपुढे उभं राहायचं. वर्गातल्या तरण्याताठ्या मंडळींनी कुणी काका गाठला, कुणी शेजारी. तिने वडिलांना धरलं. चाळिशी उलटल्यावर शिकायला निघालेल्या बाईला दुसरं गिऱ्हाईक मिळणार तरी कोण?

सोळा वर्षं तिने औषधाच्या दुकानात बिलं केली होती. महिनाअखेर आली की माणसं चिठ्ठी पुढे करून हळूच विचारायची, "यातलं कुठलं पुढच्या आठवड्यात घेतलं तर चालेल?" औषधांचं डॉक्टरांना विचारा म्हणून ती सांगायची, पण उरलेला पगार महिनाभर कसा पुरवायचा, हे मात्र बिलाच्या पाठीमागे मांडून द्यायची. एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपल्याला बिलापेक्षा त्याची पाठच जास्त जमते. तिने दुकान सोडलं. नवरा म्हणाला, "बघ बाई, तुझं तू," म्हणजे हो म्हणाला.

वडील सुतार. एकाहत्तर वर्षांचे, एकटे राहणारे, कण्याने ताठ आणि स्वभावाने त्याहून ताठ. काम सोडलं तरी पेन्सिल कानामागेच. मापाच्या बाबतीत भलते काटेकोर, ते मरणाच्या बाबतीतही तसेच.

"माझा बाप चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेला," ते बोटं मोजत म्हणाले. "थोरला त्र्याहत्तराव्या, मधला पंच्याहत्तर लागता लागता. आमच्यात त्यापुढे कुणी जात नाही. तेवढं धर."

हे नुसतं बोलणं नव्हतं. हत्यारं त्यांनी जुन्या जोडीदाराला देऊन टाकली होती. दाढ पडून तीन वर्षं झाली, एकाच बाजूने चावत होते. नवी दाढ पंधरा वर्षं सहज टिकेल असं दातांच्या डॉक्टरने सांगितलं, तर त्याला म्हणाले, "मग ती मागे कुणाला ठेवू?"

तिला हसू आलं आणि तिने वयाच्या रकान्यात पंच्याहत्तर लिहिलं.

आराखडा काय सुरेख जुळला म्हणता! चार वर्षांचा खर्च वजा जाऊन चांगली घसघशीत रक्कम उरत होती, आणि ती मुलीला द्यायची हे बाबांनी केव्हाच ठरवलं होतं. "आत्ताच घे. तुझं बस्तान बसलेलं डोळ्यांनी बघेन तरी." बाजाराच्या रस्त्यावर तिने एक गाळा हेरून ठेवला होता. दोन टेबलं मावतील एवढा, सकाळचं ऊन येणारा. अनामत आणि वर्षाचं भाडं त्या रकमेत नेमकं बसत होतं. दारावरची पाटीही तिने मनातल्या मनात रंगवून टाकली होती.

शिकवणारे गृहस्थ विम्याच्या धंद्यात म्हातारे झालेले. प्रत्येक वाक्य 'सरासरी'ने सुरू करायचे, म्हणून वर्गात त्यांचं नाव सरासरी सर. त्यांनी आराखडा चाळला आणि वयाच्या रकान्यापाशी थांबले.

"हे पंच्याहत्तर कुठून आणलंत?"

"गिऱ्हाईकच म्हणतंय, सर."

"गिऱ्हाईक म्हणेल हो. पहिल्याच तासाला काय सांगितलं होतं? नव्वदच्या खाली यायचं नाही. माणूस आधी गेला तर पैसे उरतात. पैसे आधी गेले तर माणूस उरतो." मग त्यांनी शेवटच्या पानावर 'मुलीस भेट' या ओळीवर बोट ठेवलं आणि हलकेच विचारलं, "बाई, ते म्हणाले म्हणून लिहिलंत, की बसत होतं म्हणून?"

तिचे कान तापले. घरी जाईपर्यंत ती मनात त्यांच्याशी भांडत होती, आणि दार उघडताना तिचं तिलाच कळलं की भांडण्यात दम नाही. बापाच्या मरणाचं साल धरून आपण गाळ्याचं भाडं बसवलं होतं. वर हसलो होतो. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तिने सगळं नव्याने मांडलं. वय ब्याण्णव: नव्वद सरांचे, वरचे दोन तिचे. दरवर्षीची एक ओळ केली आणि त्या त्या वर्षी बाबांना काय काय लागेल ते आठवून आठवून लिहिलं. भेटीचा रकाना शून्यावर आला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी ती कागद घेऊन बाबांकडे गेली.

"ब्याण्णव?" बाबा उखडलेच. "डोकं फिरलंय का तुझं? एवढी वर्षं मी करू काय?"

"ते तुम्ही बघा. पैसे पुरतील एवढं मी बघितलंय."

"आणि तुझा गाळा?"

"राहिला. एका कचेरीत मदतनीस घेतात, तिथे जाईन."

"मी नाही सही करत. पैसे माझे, मी वाटेल त्याला देईन. तो पहिला कागद आण, त्यावर करतो."

सही नाही तर परीक्षा नाही, आणि पुढची परीक्षा वर्षाने. पहिला कागद तिच्या पिशवीतच होता. तिने तो बाहेर काढलाही. पण दिला नाही.

"बाबा, मला पैसे हवेत. नकोत म्हणून खोटं नाही बोलणार. पण या कागदावर तुम्ही शहात्तराव्या वर्षी जिवंत असलात, तर माझी अडचण होते. असला कागद मी लोकांपुढे कुठल्या तोंडाने धरू?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. हात पुढे करून त्यांनी दुसरा कागद घेतला, चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत मोठ्याने वाचू लागले.

"बाहत्तर, दाढ. बरं. पंच्याहत्तर, घराला रंग." इथे बोट जरा अडलं, मग पुढे सरकलं. "शहात्तर, गरम कोट. अठ्ठ्याहत्तर, चष्मा. ऐंशी, जिन्याला कठडा: लाकूड आणि सुताराची मजुरी."

ते थांबले. कानामागची पेन्सिल काढली.

"इथे चुकलंय तुझं."

"कुठे?"

"सुताराची मजुरी कसली?" त्यांनी तेवढ्याच आकड्यावर रेघ मारली. "आणि ऐंशीपर्यंत थांबायचं काय म्हणून? पाय आत्ताच घसरतोय माझा."

खाली सही करायला त्यांनी पेन्सिलच टेकवली, तेव्हा तिने डोळे पुसत पेन पुढे केलं.

"पेन्सिल खोडता येते, बाबा."

त्यांनी पेनाने सही केली, शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला आणि तिच्या हाती दिला. मग फोन उचलून जुन्या जोडीदाराला लावला.

"अरे, माझा रंधा आणि करवत परत घेऊन ये." पलीकडून त्याने काहीतरी विचारलं असावं. "कशाला म्हणजे? एकवीस वर्षं काढायचीत."