दोन भावांच्या मधली गाडी

माहेरी जायचं ठरलं की ताईच्या कपाळावर आठी पडायची. माहेरी माणसं होती, जिव्हाळा होता, कौतुकाला कुठे कमी नव्हती. भानगड एवढीच की माहेराला दारं दोन होती आणि ती समोरासमोर होती. बोळाच्या या बाजूला दादा, त्या बाजूला पिल्लू. दादा घरातच घड्याळं दुरुस्त करायचा. पिल्लू धाकटा. पाळण्यात असताना चिकटलेलं नाव पन्नाशी उलटली तरी सुटलं नव्हतं. दाराच्या चौकटीत वाकून शिरणाऱ्या त्या धिप्पाड बेकरीवाल्याला अख्खा बोळ पिल्लूच म्हणायचा.

पिल्लूने घरच्या बेकरीत पीठ मळायचं मोठं यंत्र आणलं आणि बिनसलं. पहाटे यंत्र घरघरू लागलं की दादाच्या टेबलावरचे मोहरीएवढे स्क्रू थयथय नाचत. दादा बोलला, पिल्लू उलट बोलला, मग दोघांनीही बोलणंच टाकलं. खिडकीतून हात लांबवला तर समोरची खिडकी वाजवता येईल असा तो बोळ. पण "त्याला सांग, पाण्याची टाकी उद्या धुवायची आहे," हा निरोपसुद्धा दूर शहरातल्या ताईच्या सलूनमधून फिरून यायचा. एका हातात गिऱ्हाइकाची बट, दुसऱ्या हातात कात्री आणि खांदा-कानाच्या मध्ये फोन दाबून ताई ते निरोप पोचवायची.

त्यात दोघांचाही हट्ट, उतरायचं तर माझ्याकडेच.

"तिकडे उतरलीस तर इकडे चहालाही येऊ नकोस," दादा म्हणाला होता. पिल्लू तेच म्हणाला, फक्त जरा रडवेल्या आवाजात.

ताईचा नवरा बसचा ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर घरात त्याचा जीव रमेना, म्हणून त्याने एक जुनं मोटारहोम, म्हणजे ओट्या-बिछान्यासकट चाकांवरचं घर, विकत घेतलं आणि हिवाळाभर त्याच्याशी खाटखूट करत बसला.

"अहो, पण उतरायचं कुणाकडे?" ताईने विचारलं.

"कुणाकडेच नाही. आपलं घर बरोबर न्यायचं, आपल्याच घरात झोपायचं. बघू कोण रुसतंय."

अशी ती दोघं निघाली. रस्ता मजेचा गेला. वळण आलं की ओट्याखालचा खण आपसूक उघडायचा आणि चमचे सगळीकडे पळायचे. एका तळ्याकाठी गाडी लावून त्यांनी भरदुपारी ताणून दिली; जन्मभर वेळापत्रकाला बांधलेला माणूस इतका गाढ झोपला की ताईला त्याचं घोरणं ऐकूनसुद्धा बरं वाटलं.

गावात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. बोळाच्या तोंडाशी ताई म्हणाली, "इथे मैदानातच लावा. आत नाही मावायची."

"अगं, अख्खा जन्म बस हाकली मी. यापेक्षा अरुंद रस्ते पाहिलेत."

"पाहिले असतील. त्यात शिरलात का?"

पण तो शिरला. अर्धा बोळ गाडीने सुखरूप पार केला. मग उजवीकडे भिंत पुढे आली, डावीकडे गटारावरची फरशी कडकन मोडली, मागचं चाक खाली बसलं आणि गाडी अडकली. अडकली तीही नेमकी कुठे, तर दोन भावांच्या मधोमध. डावीकडचं सरकतं दार थेट दादाच्या उंबऱ्यावर. उजवीकडे ओट्यामागची खिडकी बेकरीच्या खिडकीला नाक लावून. ड्रायव्हरच्या बाजूचं दार भिंतीमुळे उघडेना. नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला. त्याच्याकडे बघायची ताईची छाती झाली नाही. हसू आलं असतं.

डाव्या दारात दादा उगवला, डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर तसंच. उजव्या खिडकीत पिल्लू उगवला, कोपरापर्यंत पिठाने माखलेला.

"आलीस का?" दादा म्हणाला. "त्याला सांग, या बाजूला दोन बोटं जागा आहे. आणि तुझ्या नवऱ्याला म्हणावं, गाडी तिकडे दाबू नका, आरसा फुटेल."

ताईने मान वळवली. "पिल्लू, तिकडे दोन बोटं जागा आहे."

"त्याला सांग, इकडे एकच आहे," पिल्लू म्हणाला. "आणि चाकाखाली फळी घालावी लागेल. माझ्याकडे आहे. त्याला घेता येईल का विचार."

"कुठली फळी? केवढी आहे विचार."

"त्याला सांग, पावाचे ट्रे ठेवायची."

ताई ओट्याशी उभी राहून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे मान फिरवत होती. तिच्या लक्षात आलं, की दोघांनाही एकमेकांचं बोलणं लख्ख ऐकू येतंय. तिने शांतपणे शेगडी पेटवली आणि चहाचं आधण ठेवलं.

"मी सुट्टीवर आलेय," ती म्हणाली. "सुट्टीत मी निरोप पोचवत नाही." आणि पुढे जाऊन नवऱ्याशेजारच्या सीटवर पाठ करून बसली.

बोळाच्या दोन्ही टोकांना माणसं जमली होती. कुणी "मागे घ्या" म्हणत होतं, कुणी "पुढे घ्या".

मग मागून दादाचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "फळी जाड आहे का?"

"आहे की," पिल्लू म्हणाला. "दे म्हणालास तर देतो."

"दे."

फळी एका खिडकीतून आत आली, ओट्यावरून सरकत दुसरीकडच्या दारातून बाहेर गेली. दादाने ती चाकाखाली सारली, नवऱ्याने इंजिन चालू केलं, फळीचे दोन तुकडे झाले आणि गाडी आणखी बोटभर खाली गेली.

"आता उद्या सकाळी ट्रॅक्टरच आणायला हवा," नवरा पडेल आवाजात म्हणाला.

तोवर चहा उकळला होता. दादा दारातून आत येऊन बाकावर टेकला. पिल्लू खिडकीतून कपाकडे बघत होता.

"मागच्या दाराने वळसा घालून ये," दादा म्हणाला, त्याच्याकडे न बघता.

"तोवर गार होईल." असं म्हणून पिल्लूने खिडकीतून डोकं आत घातलं, मग खांदे, आणि पोटाशी येऊन अडकला. पुढेही जाईना, मागेही जाईना. गाडीसारखीच त्याची गत झाली. ताई उठायच्या आत दादा उठला. त्याने धाकट्याच्या काखेत हात घातले, पाय ओट्याला टेकवले आणि ओढलं. दोघं धाडकन खाली आले. दादाचा सदरा पांढरा झाला. वरचा पिल्लू हसू लागला, मग खालचा दादा हसू लागला, आणि हसता हसता त्याने पिल्लूच्या टाळक्यात एक टपली मारली.

"यंत्राखाली रबर घालून घेतलंय मी," चहा पिताना पिल्लू म्हणाला. "कधीचंच. तुझे स्क्रू हलत नसतील आता."

"नाही हलत."

"कळलं होतं तुला?"

"त्याच दिवशी कळलं." दादाने कप फिरवला. "पण मी आपणहून काय म्हणून बोलायचं?"

"मीही तेच म्हणत होतो," पिल्लू म्हणाला.

ताईने दोघांकडे पाहिलं. इतकी वर्षं फोन धरून धरून तिची मान आखडली होती, त्याचा राग यायला हवा होता. पण दोघांच्या मिशांना सारखाच चहा लागलेला बघून तिला तो आणता येईना.

एवढ्यात दादाच्या दारातून वहिनी डोकावली आणि उजव्या खिडकीतून पिल्लूची बायको. "पातेलं द्या हो, काल तुमच्याकडे राहिलंय," वहिनी सहज म्हणाली. पातेलं मोटारहोममधून पार झालं. दोघे भाऊ तोंड उघडं टाकून बघत राहिले. या दोघी परसातून रोज बोलत होत्या, हे बोळात फक्त त्यांनाच ठाऊक नव्हतं.

सकाळी ट्रॅक्टरने गाडी मागे ओढून काढली. उजव्या अंगाला लांबलचक ओरखडा आला. नवऱ्याने त्यावरून हात फिरवला आणि गाडी निमूटपणे मैदानात नेऊन लावली. मुक्काम तिथेच पडला. रोज पाव भट्टीतून निघाले की दोघे भाऊ बरोबर यायचे, बाकावर मांडीला मांडी लावून बसायचे आणि कुठल्याही गोष्टीवरून वाद घालायचे, पण थेट एकमेकांशी.

निघायच्या दिवशी दादाने गाडीचं दार दोनदा तपासलं. पिल्लूने इतके पाव भरले की कपाटाचं दार लागेना.

"पुढच्या वेळी कुणाकडे उतरणार?" दोघांनी एकदमच विचारलं.

ताईने काच खाली केली. "ज्याच्याकडे जाऊ, तिथे दुसऱ्याने जेवायला यायचं. कबूल असेल तर सांगा."

ते एकमेकांकडे बघून विचार करत होते, तोवर नवऱ्याने गाडी रस्त्याला लावली.