पायरीवरून न उठणारं भूत

शेवटी भूत जिंकलं. सिनेमावाले सामान डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून पळाले.

हे तुम्ही वाचलेलं नाही. असं काही झालेलंच नाही. शूटिंग अजून सुरू व्हायचंय आणि पायल बारामतीतल्या एका थंडगार ऑफिसात आपल्या गेमवरून निघणाऱ्या सिनेमाच्या करारावर सही करतेय.

पायलनं मोबाइलवरचा एक गेम बनवला होता. उजनीचं पाणी उतरतं, पळसदेवच्या पुढं बुडालेल्या एका गावातलं देऊळ उघडं पडतं आणि त्याच्या पायरीवर एक बाई बसलेली असते. ती ओरडत नाही, मागं लागत नाही. फक्त विचारते, "माझं घर कुठं हाय?" उत्तर चुकलं की खेळणारा गाळात. तिला हरवायचं बटणच पायलनं ठेवलं नव्हतं. पोरं ते बटण अजून शोधतायत.

आवाज पायलच्या आत्याचा, ताईबाईचा. धरणात हे गाव, तिचं गाव, गेलं तेव्हा आत्या चौथीत होती. सिनेमात भूत आत्याच होणार, ही पायलची पहिली अट. भूत शेवटपर्यंत हटणार नाही, ही दुसरी. दिग्दर्शक ऋषिराजनं दोन्हींना मान डोलावली. मान डोलवायला त्याला फार छान यायचं.

जुलै लागता लागता शूटिंग सुरू झालं आणि त्याच सकाळी त्यानं शेवट बदलला. हीरो भस्म फेकणार, भूत किंचाळत विरघळणार.

"करारात असं नाहीये," पायल म्हणाली.

"अगं, तिकीट काढणाऱ्याला भूत मेलेलं बघायचं असतं."

"ते मेलेलंच असतं की."

ऋषिराजनं यावर विचार केला नाही.

आत्या तिसऱ्या पायरीवर बसली. हीरो अविराज गरजला, "हडळी, चल निघ इथून!" आणि मूठभर भस्म फेकलं. आत्यानं लुगडं झटकलं.

"न्हाय जात. फुडं बोल."

"कट! ताईबाई, तुम्ही विरघळायचंय."

"आरं बाबा, आमी भूतबित मानत न्हाय, तरी तुझ्यापायी झाले. पर उठायचं न्हाय. ल्हानपणी ह्याच पायरीवर बसले तर पायरी बाटली म्हणून गाववाल्यांनी उठवलं. मग धरणानं घरातनं उठवलं. आता तू उठवतूस व्हय?"

अकरा टेक झाले. भस्म संपलं, मग अविराजच्याच मेकअपची पावडर फेकली. आत्या शिंकली, पण बसून.

इकडं आभाळ कोरडं ठणठणीत. पाऊस तिकडं घाटात पडत होता. वरच्या धरणांनी सोडलेलं पाणी गुपचूप उजनीत चढत होतं. पहिली पायरी गेली. कॅमेरा मागं सरला. दुसरी गेली.

ऋषिराजनं पायलला बाजूला घेतलं. "तुझं ऐकेल ती. उठव तिला. नाहीतर पडद्यावर तुझं आणि तुझ्या गेमचं नाव येणार नाही."

पायलनं चप्पल काढून हातात घेतली, पाण्यातून चालत पायरीपाशी गेली आणि म्हणाली, "आत्या, सरक जरा."

आत्या सरकली. दोघी बसल्या.

मग ते झालं, जे तुम्ही वाचलेलं नाही. पाणी कमरेला लागलं तेव्हा मासेमारीची होडी या दोघींजवळ आली. आत्या पायरीवरून होडीत बसली. मधे उभी राहिली नाही, यावर ती आजही ठाम आहे.

चार दिवसांनी ऋषिराजचा फोन आला. आवाज ओला होता. "भूत बसलेलंच राहील. तुझं नावही राहील. पण शेवटाचं काय? देऊळ बुडालं, ते आता उन्हाळ्यातच उघडं पडणार आणि तेव्हा अविराजच्या तारखा नाहीत."

"येवढंच व्हय?" शेजारी बसून ऐकणारी आत्या म्हणाली. "पायल, लिही."

मा. कार्यकारी अभियंता साहेब यांस,
विषय : उजनीचे पाणी एक दिवस खाली घेणेबाबत.
महोदय, येत्या मंगळवारी सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत जलाशयाचे पाणी पळसदेवच्या पुढील बुडीत देवळाच्या तिसऱ्या पायरीखाली उतरवावे, ही नम्र विनंती. अर्जदार बाईस आपल्या जागी बसावयाचे आहे. मोबदला नको. काम झाल्यावर पाणी परत सोडण्यास हरकत नाही. मात्र त्या वेळी अर्जदार उठणार नाही, याची नोंद घ्यावी.