मागची सीट

"एक, दोन, तीन. ऐकू येतंय का गं?"

भावोजींनी पुढच्या सीटवरून माइकमध्ये विचारलं. मागच्या सीटवर ताई कानांवर जाडजूड हेडफोन चढवून बसली होती आणि त्यांच्या टकलाकडे बघत होती. 

"परत गेलं," भावोजी म्हणाले. "पंडित, बघ रे, दिवा लुकलुकतोय का?"

पंडित म्हणजे मी, ताईचा धाकटा भाऊ. सगळी हयात मुद्रितं तपासण्यात गेली, म्हणून भावोजींनी ठेवलेलं नाव. दिवा लुकलुकत नव्हता. स्थिर निळा होता, म्हणजे जोडणी झालेली होती. मी तसं सांगितलं.

"मग वायरीतच खोट," म्हणत त्यांनी पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

भावोजी पाणीपुरवठ्यात पंप दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या शेडमध्ये विमान बांधलं. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर कापड. पंखांचं कापड ताईनं शिवलं, टाका न् टाका तिचा. दोन सीट, एकामागे एक. सरकारी तपासनिसानं विमान बघून मान डोलावली, भावोजी एकटे उडूनही आले. आता ताईला वर न्यायचं तेवढं राहिलं होतं. पण इंजिनाच्या आवाजात कानाशी ओरडलेलं ऐकू येत नाही. "मागं बसलेल्या माणसाशी बोलता येत नसेल तर ते माणूस काय नि पोतं काय," असं भावोजींचं म्हणणं. विमानासाठीची तयार यंत्रणा परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी गाड्यांत बसवतात तसली स्वस्तातली ब्लूटूथची पट्टी आणून हेडफोनना जोडली. फोनही तिच्यातूनच चालणार होता. वर गेल्यावर परदेशातल्या लेकीला फोन लावायचा, यंदा तरी येतेस का विचारायचं आणि तिघांनी बोलायचं, असा बेत होता.

पट्टी बदलून झाली. वायरी बदलून झाल्या. ताईचं उत्तर काही येईना.

एकदा भावोजी वायरी जोडायचं सोल्डर आणायला बाजारात गेले असताना मी सहज मागच्या सीटवर बसलो आणि ताईचा हेडफोन कानाला लावला. फोनवरचं गाणं इतकं स्वच्छ वाजत होतं की गाणारीचा श्वास ऐकू यावा. मी हेडफोन ताईला दिला. तिनं थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं.

"खरखर आहे," ती म्हणाली.

मी रोज दुपारी तिला पुस्तक वाचून दाखवतो. हल्ली ती सारखी म्हणायची, "पुस्तक खाली धर रे, तुझं तोंड दिसत नाही." मला ती माया वाटायची.

मी तोंडासमोर हात धरला आणि म्हणालो, "ताई, तुला ऐकू येत नाही."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हात काढ."

मी काढला. पण पुन्हा बोलावं लागलं नाही.

"डॉक्टरकडे जाऊन आलेय," ती म्हणाली. "आता कानाच्या यंत्रानंही काही व्हायचं नाही म्हणाले. घरात समोरासमोर निभतं. इथं यांची पाठच दिसते."

"भावोजींना सांग ना."

"नको. वायर बिघडलीय असं वाटतंय ना त्यांना? वाटू दे. वायर दुरुस्त होते."

पण भावोजी थांबेनात. त्यांनी पुढचं सगळं पॅनेल उकललं. वायरी आतड्यांसारख्या बाहेर लोंबत होत्या. एका संध्याकाळी ते हातातलं सोल्डर खाली ठेवून म्हणाले, "एवढे पंप उघडले मी, आणि ही चिमूटभर पट्टी दाद देत नाही. हात गेले माझे, पंडित."

ताई समोरच उभी होती. तिनं ते ओठांवरून वाचलं.

"पुढच्या वेळी ऐकू येतंय म्हणते," ती नंतर मला म्हणाली. "तू बाजूला उभा राहा. त्यांनी विचारलं की चष्म्याला हात लाव, म्हणजे हो म्हणायचं ते कळेल."

पुढच्या वेळी इंजिन सुरू होतं. मी पंखामागे उभा होतो, तपासणीचा तिसरा हेडफोन माझ्या कानांवर होता. भावोजींनी लेकीला फोन लावला.

"आई, ऐकू येतंय?"

मी चष्म्याला हात लावला.

"येतंय गं," ताई म्हणाली. "अगदी स्वच्छ."

भावोजींनी मूठ वर केली. माझ्याकडे वळून हसलेसुद्धा.

"आई, रागावू नकोस हं," लेक म्हणाली. "याही वर्षी आमचं यायचं जमत नाहीये. पुढचंही काही सांगता येत नाही."

अवघडलो की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. तो गेला. ताईनं तो पाहिला.

"या, या," ती आनंदानं म्हणाली. "वाटच बघतेय. वरची खोली झाडून ठेवते."

पलीकडून आवाज आला, "आई?" मग पुन्हा, "आई?"

ताई हसऱ्या चेहऱ्यानं माझ्या हाताकडे बघत होती.

भावोजींनी इंजिन बंद केलं. ते वळले नाहीत. "खरखर आहे बाळा," ते माइकमध्ये म्हणाले, "नंतर बोलू."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो. भावोजींनी जुन्या स्कूटरचा गोल आरसा पुढच्या काचेला, स्वतःच्या तोंडासमोर बसवला होता. माइक ओठांपुढून वाकवून हनुवटीखाली नेला होता. पट्टी काढून बाकावर ठेवली होती. त्यांनी ताईला हात देऊन मागच्या सीटवर बसवलं आणि इंजिन सुरू केलं.

मी ताईच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. अख्खं विमान थरथरत होतं आणि त्याच्याबरोबर आरसाही. त्यात चेहरा नव्हता, फिकट डाग तेवढा हलत होता. भावोजी काहीतरी बोलत होते, बराच वेळ बोलत होते. काय ते त्या आवाजात मला कळलं नाही.

ताईनं आरशावरून नजर काढली नाही.

"दिसतंय," ती मोठ्यानं म्हणाली. "सगळं दिसतंय."