गंधकाचा कण

सून हिऱ्यांचं काम करते, एवढंच सासूबाईंना ठाऊक होतं आणि तेवढ्यावर त्या साऱ्या नात्यागोत्यात भाव खात होत्या. एक दिवस त्या स्वतःच प्रयोगशाळेत येऊन थडकल्या.

सुनेने मुठीत मावेल असा पोलादी डबा उघडून दाखवला. आत दोन हिरे, टोकाला टोक भिडवून बसवलेले. मुगाच्या डाळीपेक्षाही लहान.

"एवढुस्से?" सासूबाईंचा चेहराच पडला.

"आई, ह्यांच्यामधे गंधकाचा कण ठेवायचा आणि स्क्रू पिळायचे. पृथ्वीच्या पोटात असतो तसला दाब येतो. पिवळा गंधक आधी लाल होतो, मग काळा, शेवटी धातूसारखा चमकतो. मी अजून तिथवर पोचले नाही. आता जरा श्वास रोखा हं."

सासूबाईंनी श्वास रोखला, डोळे मोठे केले आणि दणकून शिंकल्या. कण कुठे उडाला, देव जाणे. दुसरा कण बसेपर्यंत सुनेने त्यांना दाराबाहेर उभं केलं.

मग मात्र त्या सूक्ष्मदर्शकाला जे चिकटल्या, ते हलेचनात. सून स्क्रू पिळत होती आणि त्या बातम्या देत होत्या. "पिवळाच आहे... नारिंगी... अगं, लाल झाला! पीळ अजून!"

"आजच्यापुरतं बस करा," मागे येऊन उभे राहिलेले प्रयोगशाळेचे प्रमुख, सुनेचे सर म्हणाले.

"अहो, एवढ्यात काय? भारी जोर आहे हिच्या हातात. घरातली घट्ट झाकणं हीच उघडते!"

लग्नानंतरची ही पहिली शाबासकी. सून हुरळली आणि तिने आणखी एक पीळ दिला. आतून 'टक्' असा आवाज आला.

हिरा तडकला होता.

सासूबाई मटकन स्टुलावर बसल्या आणि कानातलं काढायला लागल्या. "हा घ्या हिरा. पण हिला कामावरून काढू नका. मीच चढवलं तिला."

"ताई, राहू द्या ते," सर हसू आवरत म्हणाले. "आमच्याकडे हिरे फुटतातच. माझ्या हातून काय कमी फुटलेत? दुसरा आहे कपाटात."

"मग तो बसवलात की मला बोलवा."

बोलावण्याची वाट न बघता त्या पुढच्याच आठवड्यात हजर झाल्या. ह्या वेळी सून अगदी बेताबेताने पिळत होती आणि सासूबाई चक्क गप्प होत्या. लाल कण गडद झाला, काळाकुट्ट झाला आणि बघता बघता लख्ख चकाकला. सर नाचायचेच काय ते बाकी राहिले.

"आई, दिसला ना?" सुनेने स्क्रूवरचा हात काढत विचारलं.

"दिसला गं, दिसला." सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. "पण आता पुरे झालं. सोडव त्या बिचाऱ्याला."