एकाच मालकाचे दोन संघ

एकाच माणसाचे दोन संघ एकमेकांविरुद्ध खेळत असतील, तर त्याला सामना म्हणायचं की तमाशा, हे मला कोणीतरी सांगावं. हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारला. कोणी हसलं, कोणी चहा मागवला, आणि फुटबॉल संघटनेतल्या एका गृहस्थांनी तर "मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता," असं म्हणत माझीच समजूत काढली. मनाला नाही लावायचं, तर काय चपलेला लावायचं?

मी बुद्धप्रिया. नांदेडात एका शाळेत पीटीची शिक्षिका, आणि शाळा सुटली की 'निळाई' फुटबॉल क्लबच्या मुलींची कोच. निळाई आमच्या वस्तीतल्या पोरांनी काढला, त्याला पन्नासेक वर्षं झाली. त्या पोरांपैकी आनंदराज काका आज क्लबचे सेक्रेटरी आहेत. त्यांचे गुडघे गेले, पण गोलकीपरचा आवाज शाबूत आहे. मैदानाच्या या टोकाला खुर्ची टाकून त्या टोकाच्या पोरीला झापतात. आता मुलींच्या संघात वस्तीतल्या पोरी आहेत, तशा बिलोली, हिमायतनगरकडून शिकायला आलेल्याही आहेत. कोण कोणाची, हे आम्ही कधी विचारलं नाही. पळता येतं का, एवढंच विचारलं.

पैशाचं रडगाणं मात्र पाचवीला पुजलेलं. कधी पंचांचं मानधन राहायचं, कधी गाडीभाडं. मैदान एका खासगी ट्रस्टचं; त्याचं भाडं इतकं थकलं की त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. माझ्या मुली फाटकाबाहेर रस्त्यावर वॉर्मअप करायच्या आणि रिक्षावाले मागून हॉर्न मारायचे. गावात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला क्रेनने हार घालतात. आमच्यासाठी पैसे मागायला गेलं की सगळे एकजात, "बघू, ताई."

अशात लातूरचे मन्मथ सर आले. लातूरात त्यांचा मोठा कोचिंग क्लास, नांदेडात नुकतीच दुसरी शाखा उघडलेली. सरांनी थकलेलं भाडं एका फटक्यात भरलं, कुलूप निघालं, आणि आम्ही हुरळून गेलो. आता उपकार करणाऱ्याचा सत्कार करायचा नाही, असं आपल्याकडे होतं का? मैदानातच मांडव घातला. शाल, नारळ, फेटा, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं यथासांग.

निळाईची एक जुनी रीत होती. निर्णय मैदानातच व्हायचे. सगळ्यांनी गोल करून बसायचं, कोणीतरी म्हणणं मांडायचं, ज्याला पटलं नाही त्याने उठून भांडायचं, आणि भांडण संपलं की टाळ्या वाजवायच्या. टाळ्या वाजल्या की मंजूर. त्या दिवशी सरांच्या मॅनेजरने माईक हातात घेतला आणि गोड आवाजात सांगितलं, की सरांना क्लबचं तहहयात अध्यक्षपद आणि सर्व अधिकार देण्यात यावेत, अशी आपल्या सर्वांचीच इच्छा आहे. आमची इच्छा आम्हाला तिथेच कळली! पण समोर माणूस फेटा बांधून, हात जोडून उभा. सत्काराच्या मांडवात उठून भांडायचं कोणी? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका तर डोळे पुसत वाजवत होते. मॅनेजरने तिथल्या तिथे कागद पुढे केला आणि काकांनी गळ्यातला हार सावरत सही केली.

महिन्याभरात आमची निळी जर्सी जाऊन सरांच्या क्लासची नारिंगी आली. मी दात-ओठ खाल्ले, पण गप्प बसले. मैदान उघडं आहे, मुली खेळताहेत, रंगाचं काय, अशी स्वतःची समजूत घातली. मग कळलं, की सरांनी लातूरचा क्लबही घेतला. तोही असाच टेकीला आलेला होता. आणि त्या हंगामात विभागाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले ते नेमके नांदेड आणि लातूर. जिंकेल तो संघ राज्य स्पर्धेला जाणार होता.

इथे मला शिवांगीबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्या अंगावर शेकलं. शिवांगी बिलोलीजवळच्या एका खेड्यातली, आमची स्ट्रायकर. बारावी झाली, पोलीस व्हायचं म्हणून पहाटे पळते, दुपारी अभ्यास करते, संध्याकाळी मैदानावर. राज्य स्पर्धेत पदक मिळालं असतं, तर तिला भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेतून अर्ज करता आला असता. वयामुळे तिच्याकडे ही एकच स्पर्धा उरली होती. घरी तिने वडलांकडून एवढाच अवधी मागून घेतला होता. नाही जमलं, तर स्थळं बघायला सुरुवात.

तिचे वडील रामकिशनभाऊ शेतकरी गडी. पहिल्यांदा आले ते माझ्याशी भांडायला. "म्याडम, पोरीला शिकाया ठिवलंय का चेंडूमागं पळाया? गावात लोक इचारून राहिले, पोरगी चड्डी घालून खेळती म्हणं!" मी म्हटलं, "भाऊ, आलाच आहात तर बसा. बघा आणि मग न्या." ते गोलपोस्टच्या मागे उभे राहिले. शिवांगीने मारलेला एक शॉट फाटक्या जाळीतून त्यांच्या छातीवर आला तसे दोन पावलं मागे गेले आणि हसले. त्यानंतर ते मैदानावर आले की भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं घेऊनच यायचे.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात मन्मथ सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एसी, काचेचं टेबल, पाण्याच्या ग्लासावर झाकण.

"मॅडम, यंदा राज्याला लातूर जाऊ द्या," सर म्हणाले. "मेन ब्रांच तिथे आहे, ॲडमिशनचा सीझन आहे. नांदेडचं पुढच्या वर्षी बघू."

"म्हणजे मुलींना हरायला सांगू?"

"छे छे! हरायला कशाला सांगायचं? शिवांगीला फक्त बाहेर बसवा. बाकीचं आपोआप होतं." मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "शेवटी दोन्हीकडच्या पोरी आपल्याच ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपल्याच! त्यांतल्या एकीचं नाव तरी धड माहीत आहे का या माणसाला? एकीच्या पायाला पट्टी बांधलीय का कधी? शेतात वखराचे दोन बैल असावेत, कुठला डाव्या अंगाला जुंपायचा ते मालकाने ठरवावं, तसं बोलत होता. मी पाण्याला हात न लावता उठले.

संध्याकाळी मी मैदानावर सगळ्या मुलींना गोल बसवलं आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. लपवायचं कशाला? लाज त्याला वाटायला हवी, आम्हाला नाही. आनंदराज काका खुर्चीचा हात धरून उठले.

"सही म्या केली," ते म्हणाले. "माझ्या म्हातारपणी माझी अक्कल शेण खायाला गेलती. पण पोरी खेळतील. काढायचं त्याला काढू द्या मला."

शिवांगीने मला विचारलं, "ताई, तुमची नोकरी जाईल का?"

"शाळा त्याची नाही अजून."

"मग मी खेळती," ती म्हणाली आणि बूट बांधायला बसली. तिला स्वतःचं काय होईल, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही. मीही ते तिच्या ध्यानात आणून दिलं नाही. जिंकल्यावर जिंकणाऱ्याला कोण अडवणार, असं मला वाटत होतं.

सामना लातूरला झाला. मांडवात सर सोफ्यावर, आजूबाजूला पालक आणि फोटोग्राफर. लातूरची कॅप्टन नीलम्मा उदगीरकडची, आडव्या हाडाची, बचावात भिंतीसारखी उभी राहणारी. नाणेफेकीच्या वेळी तिने शिवांगीकडे रोखून बघितलं.

"आमाला सांगून राहिलेत, तुमी मॅच सोडणार म्हून. खरं हाय का?"

"न्हाई."

"बरं झालं बाई," नीलम्मा म्हणाली. "मला फुकटचं लई जड जातंय."

आणि मग जो सामना झाला! दोन्हीकडच्या पोरींनी एकमेकींना एक इंच दिला नाही. नीलम्माने शिवांगीला दोनदा आडवं केलं, दोनदा स्वतःच हात देऊन उठवलं. उत्तरार्ध सरत आला तेव्हा शिवांगीने उजवीकडून आत घुसत, नीलम्माच्या पायाखालून निसटून, डाव्या पायाने चेंडू कोपऱ्यात मारला. आनंदराज काका लाइनीवरून असे ओरडले की पंचांनी वळून बघितलं. तेवढा एक गोल. आम्ही जिंकलो. सरांनी शिवांगीच्या हातात कप दिला आणि फोटोसाठी गोड हसले. मला वाटलं, माणसाने हार मानली. मी तेवढी भोळी निघाले.

आठवड्याभरात पत्र आलं. दोन्ही क्लबांचं विलीनीकरण झालं, राज्य स्पर्धेला एकच संयुक्त संघ जाणार, कोच नवीन. बहुतेक मुली लातूरच्या, नांदेडच्या मोजक्याच, आणि शिवांगीचं नाव नाही. जिने गोल मारून संघाला तिथवर नेलं, तीच घरी! मी संघटनेत गेले, तर उत्तर मिळालं, "अध्यक्षांची सही आहे, मॅडम. क्लब त्यांचा, मुली त्यांच्या. आम्ही काय करणार?" त्यांनी हात वर केले. काका सरांना भेटायला गेले, तर ज्याने क्लब जन्माला घातला त्याला चौकशीसाठी आलेल्या पालकांच्या रांगेत बसवून ठेवलं, आणि संध्याकाळी सर मागच्या दाराने निघून गेले.

नीलम्माचा फोन आला. "म्याडम, मला घेतलंय, तिला न्हाई घेतलं. मी काय करू?"

"खेळ," मी म्हटलं. "तुझी काही चूक नाही." फोन ठेवल्यावर मी रडले, रागाने.

शिवांगी मात्र रडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, दादांना मी सांगीन. तुमी बोलू नका." आणि पोरीला वडलांना सांगवलं नाही.

स्पर्धेला संघ निघून गेला त्याच सुमारास सरांच्या क्लासबाहेर, चौकात, एक फ्लेक्स लागला. डावीकडे कोट घातलेले सर, उजवीकडे चेंडूला लाथ मारताना शिवांगी. खाली लिहिलेलं, 'आमच्या परिवाराची शान! सुवर्णकन्या शिवांगी! प्रवेश सुरू.' मी बघतच राहिले. संघात नको असलेली पोरगी भिंतीवर हवी होती.

दुसऱ्या दिवशी रामकिशनभाऊंचा फोन. त्यांच्या पुतण्याने फ्लेक्सचा फोटो गावभर पाठवला होता. भाऊ पहिल्या गाडीने नांदेडला आले होते आणि चौकातूनच बोलत होते. मी धावत गेले. नवं धोतर, डोक्यावर टोपी, हातात पेढ्यांचा बॉक्स. फ्लेक्सखालच्या शहाळेवाल्यालाही पेढा देऊन झाला होता.

"म्याडम, बगा की! केवढी दिसून राहिली माझी पोरगी! आता पोलीस झाल्यातच जमा म्हणा की."

त्या वेळी मला मन्मथ सर समोर मिळाले असते, तर मी काय केलं असतं ते लिहीत नाही. शेवटी मी सांगितलं. तिला संघातून काढलं, स्पर्धेला नेलं नाही, पदक नाही, काही नाही.

भाऊंनी वर फ्लेक्सकडे बघत विचारलं, "मंग हिचा फोटू कामून लावला?"

"ॲडमिशनसाठी."

त्यांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात दिला. शहाळेवाल्याला म्हणाले, "दादा, कोयता दे जरा." त्याचं स्टूल ओढलं, वर चढले, आणि ऊस तोडावा तसा नाही, तर कापड बेतावं तसा, हळू, कडेकडेने कोयता चालवायला लागले. क्लासमधून मॅनेजर पळत आला.

"ओ काका! उतरा खाली! सरांचा फ्लेक्स आहे तो!"

"ऱ्हाऊ दे की तुझ्या सराला तितंच," भाऊ वळूनही न बघता म्हणाले. "म्या माझी पोरगी तेवढी घिऊन चाललो."

रस्त्यावरची माणसं थांबली. मॅनेजर फोन कानाला लावून "सर, सर" करत राहिला. भाऊंनी पोरीचा हात, पाय, चेंडू, सगळं नीट सोडवलं, खाली उतरले, कोयता धोतराला पुसून परत केला आणि तो तुकडा गुंडाळून काखेत धरला.

"चला, म्याडम," ते म्हणाले. "कुठं हाय ती? गोल तिनंच मारलाय नव्हं? मंग पेढं तिलाच द्यायचं."